पद्धत चुकली की जागा चुकल्या? बास्केटबॉलमध्ये ऑफेन्स आणि खेळाडू यांची जुळणी कशी तपासावी

प्रश्न इंदूरच्या एका क्लबच्या कोचचा आहे. अंडर-१८ मुलांचा संघ, बारा खेळाडू. यंदा त्यांनी ऑफेन्सची, म्हणजे हल्ल्याची, ‘फाइव्ह-आउट’ पद्धत बसवली: पाचही जण थ्री-पॉइंट आर्कच्या (तीन गुणांच्या शॉटची कमानीसारखी रेघ) बाहेर, पास द्या, रिंगकडे कट मारा (बॉलशिवाय झटक्यात पळा), रिकामी झालेली जागा दुसऱ्याने भरा. संघात एक सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) आहे, ६ फूट ५ इंच उंचीचा. दोन गार्ड (बॉल घेऊन खेळ चालवणारे) वेगवान, एकाचा हात बाहेरून बरा, बाकीच्यांचे थ्री बेताचेच. लागोपाठ चार मॅच हरल्या. पालकांचं म्हणणं, एवढा उंच मुलगा रिंगपासून सात मीटरवर उभा करून वाया घालवताय. स्पर्धेला साडेतीन आठवडे उरलेत. पद्धत सोडून द्यावी का?

लगेच सोडू नका, पण आहे तशीही ठेवू नका. आधी हाफ-कोर्टमधली, म्हणजे समोरचा डिफेन्स जागेवर उभा असतानाची, ५० पझेशन (बॉल ताब्यात आल्यापासून जाईपर्यंतची एक पाळी) कागदावर उतरवा आणि मग ठरवा.

चार मॅच हरलात यावरून ऑफेन्स जुळतो की नाही हे कळत नाही. हरण्यात डिफेन्स येतो, रिबाउंड (चुकलेला शॉट परत येताना पकडणं) येतात, फ्री थ्रो येतात, समोरचा संघ येतो. ऑफेन्सचं काम एकच: २४ सेकंदांच्या आत, योग्य खेळाडूच्या हातात, त्याला जमणाऱ्या जागी, समोर हात आडवा नसताना बॉल आणून देणं. त्यानंतर तो रिंगमध्ये पडतो की नाही, हा शूटिंगचा प्रश्न. स्कोअरबोर्डवर ही दोन्ही कामं एकाच आकड्यात मिसळतात. मग शूटिंगचं खापर पद्धतीवर फुटतं, नाहीतर पद्धतीचं खापर मुलांवर. म्हणून शॉट चांगला की वाईट हे बॉल हातातून सुटतो त्या क्षणाला ठरवायचं, पडल्यावर नाही. व्हिडिओ तिथेच थांबवा, शेरा लिहा, मग पुढे चालवा.

मॅचचं रेकॉर्डिंग नसेल तर आपसात दोन मॅच खेळवा. मोबाइल अर्ध्या रेषेच्या बाजूला, शक्य तितका उंचावर लावा. गॅलरी नसेल तर शेजारच्या इमारतीची गच्ची किंवा टेबलावर ठेवलेलं स्टूलही चालतं. कॅमेरा बॉलच्या मागे फिरवायचा नाही, दहाही खेळाडू सतत दिसले पाहिजेत. कारण बहुतेक चुका बॉल नसलेल्या बाजूला होतात.

फास्ट ब्रेक (डिफेन्स परतण्याआधीचा झटपट हल्ला) आणि प्रेस (मैदानभर दबाव टाकणारा डिफेन्स) तोडून मिळालेल्या बास्केट बाजूला काढा. त्यांचा तुमच्या पद्धतीशी संबंध नाही. उरलेल्या प्रत्येक पझेशनची एक ओळ लिहा: सुरुवात कशी झाली, पहिली हालचाल कोणती, बॉल पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनात, शिरला का (ड्रिबलने, पासने की कटने), शेवट कोणी केला, कुठून, कितव्या सेकंदाला, आणि शेरा. शेऱ्यासाठी चार अक्षरं पुरतात. ‘अ’ म्हणजे रिंगजवळचा मोकळा शॉट, फाउल मिळवून फ्री थ्रो, किंवा ज्याचा हात बसलेला आहे त्याला त्याच्या रेंजमधला मोकळा शॉट. ‘क’ म्हणजे अंगावर डिफेंडर असताना मारलेला लांबचा शॉट, किंवा २४ सेकंदांचा क्लॉक संपत आला म्हणून भिरकावलेला. मधलं सगळं ‘ब’. बॉलच गेला तर ‘ट’, टर्नओव्हर. हे काम तुम्ही आणि तुमचा सहायक यांनी वेगवेगळं बसून करा. पन्नासात दहापेक्षा जास्त ठिकाणी शेरा वेगळा पडला तर मुलांना काही सांगण्याआधी तुम्हा दोघांचं ‘चांगला शॉट म्हणजे काय’ यावर एकमत करून घ्या. बेंचवरून दोन कोच दोन वेगळ्या गोष्टी ओरडत असतील तर कुठलीच पद्धत बसणार नाही.

‘अ’च्या व्याख्येत ‘ज्याचा हात बसलेला आहे त्याला’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. ज्याचे दहात दोन पडतात त्याला आर्कवर मोकळा सोडणं ही समोरच्या कोचने ठरवून केलेली गोष्ट असते. तो शॉट तुम्ही मिळवलेला नाही, त्यांनी दिलेला आहे. अंडर-१८ मध्ये फाइव्ह-आउट खेळणाऱ्या संघांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. व्हिडिओत शॉट मोकळा दिसतो, कोच म्हणतो ‘शॉट छान होता, पडला नाही’, आणि पुढच्या मॅचला पुन्हा तेच.

सोबत संघाचा एक हिशोबही करा. अमेरिकेत बास्केटबॉलचे आकडेतज्ज्ञ डीन ऑलिव्हर यांनी ऑफेन्स चार घटकांत मांडला: शूटिंग, टर्नओव्हर, आपल्या हल्ल्यातले रिबाउंड, फ्री थ्रो. महत्त्वाचा क्रमही हाच. पझेशन मोजायचं सूत्र सोपं आहे: मारलेले शॉट, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोंच्या ०.४४ पट. समजा एका मॅचमध्ये टू-पॉइंट ४१ पैकी १७ पडले, थ्री १७ पैकी ४, फ्री थ्रो १६ पैकी ९. ऑफेन्सिव्ह रिबाउंड ९, टर्नओव्हर २१. पॉइंट झाले ५५. पझेशन ५८ − ९ + २१ + ७ म्हणजे ७७. एका पझेशनला ०.७१ पॉइंट. आता आत डोकावा. थ्रीमधून मिळाले दर शॉटला ०.७ पॉइंट. फ्री थ्रो जेमतेम ५६ टक्के असूनही, लाइनवरच्या दोन फ्री थ्रोंची एक फेरी सरासरी १.१ पॉइंट देऊन जाते. आणि शंभरातली २७ पझेशन शॉट न मारताच गेली. अशा संघाला आधी बॉल सांभाळायला आणि पेंटमध्ये शिरायला शिकवायचं, ऑफेन्सचं नाव नंतर बघता येईल.

आता कागद वाचायचा. पुढचे आकडे कामचलाऊ आहेत, सरावाने बसलेले. पन्नासात ‘अ’ २० किंवा त्याहून जास्त असतील तर पद्धत काम करते आहे, शूटिंगवर आणि फिनिशिंगवर वेळ द्या. १२ च्या खाली असतील तर जुळणीत गडबड आहे. मधे असाल तर ‘ट’ आणि ‘क’ कुठे पडलेत ते बघा.

‘ट’ पहिल्या सहा-आठ सेकंदांत पडत असतील तर दोष पहिल्या पासमध्ये आहे. विंगवरच्या (आर्कचा मध्य आणि कोपरा यांच्यामधली जागा) मुलाचा डिफेंडर पासच्या वाटेत हात घालून उभा आहे आणि मुलगा जागेवरून हात पुढे करून बॉल मागतो आहे. दोन पावलं रिंगकडे जाऊन झटक्यात बाहेर येणं किंवा डिफेंडर फारच पुढे आला तर त्याच्या पाठीमागून रिंगकडे निघणं, एवढंच शिकवायचं असतं. पासचं अंतरही मोजा. आर्कबाहेरच्या पाच जागा नीट वाटल्या तर शेजारच्या दोघांत पाच ते साडेपाच मीटर पडतात. त्याहून लांबचा पास या वयात हवेत तरंगतो आणि चोरीला जातो.

‘क’ जास्त आणि तेही क्लॉक संपताना असतील, तर पेंटचा रकाना बघा. बॉल आर्कवरून डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे फिरतो आहे, सात-आठ पास झाले, डिफेन्सच्या पायाखालची जागा काही हललेली नाही. पन्नासात २५ वेळासुद्धा बॉल पेंटमध्ये जात नसेल तर मुलं फाइव्ह-आउट खेळत नाहीत, नुसती वाट बघत उभी असतात. फाइव्ह-आउटमधला कट हा डिफेन्सला आत ओढण्यासाठी असतो. पास मिळणारच नाही असं धरून अर्ध्या वेगाने मारलेल्या कटकडे कोणीही वळून पाहत नाही.

आणि ‘अ’ पुरेसे असूनही दुसरा शॉट कधीच मिळत नसेल, तर पालकांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे. पाचही जण बाहेर असतील तर रिबाउंडला रिंगखाली कोण असणार?

यानंतर मुलांची मोजणी. पण त्याआधी टेप घेऊन मैदान मोजा, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. रिंगच्या मध्यातून दोऱ्याला दगड बांधून खाली सोडा, जमिनीवर खूण करा. तिथून आर्कच्या बाहेरच्या कडेपर्यंत ६.७५ मीटर भरले पाहिजेत. २०१० पूर्वी हे अंतर ६.२५ होतं, आणि सिमेंटच्या जुन्या मैदानांवर तीच रेघ वर्षानुवर्षं नव्या रंगाने ओढली जाते. मुलं वर्षभर अर्धा मीटर आत उभी राहून थ्री मारतात आणि स्पर्धेत सगळे बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागतात. मग म्हणायचं, मुलं दडपणाखाली आली.

दुसरं माप रुंदीचं. पूर्ण मैदान २८ बाय १५ मीटर. त्यात कोपऱ्यात थ्री-पॉइंट रेघ आणि साइडलाइन यांच्यामध्ये ९० सेंटिमीटर उरतात. तुमचं मैदान १४ मीटर रुंद असेल तर उरतात फक्त ४०. हातभरसुद्धा जागा नाही. तिथे मुलगा रिंगकडे तोंड करून उभा राहिला की बूटच जवळजवळ ती जागा व्यापतो, पास जरा बाहेर आला की पाय रेषेवर. मुलं नकळत आत सरकतात, कोपरा आणि विंग जवळ येतात, आणि एकच डिफेंडर दोघांना सांभाळतो. अशा मैदानावर फाइव्ह-आउटचा सराव करून पद्धत जुळत नाही असा निष्कर्ष काढणं मुलांवर अन्याय आहे. स्पर्धा रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्ससारख्या पूर्ण मापाच्या मैदानावर असेल तर निदान दोन सराव तशा मैदानावर मिळवाच. सिमेंटवर उन्हाळ्यात धूळ बसते, कट मारून थांबताना पाय सरकतो. सरावाआधी झाडू आणि ओलं फडकं फिरवणं हाही ऑफेन्सचाच भाग समजा.

शूटिंग टेस्ट अशी घ्या. पाच जागा, प्रत्येक जागेवरून दहा शॉट. उभ्या जागेवरून नाही. प्रत्येक शॉटच्या आधी मुलगा अर्ध्या रेषेला हात लावून पळत येईल, पास घेईल आणि मारेल. पन्नासात २० सुद्धा पडत नसतील तर मॅचमध्ये तो थ्रीचा खेळाडू नाही, असं समजून जागा ठरवा. मग दोन्ही हातांनी ले-अप (पळत रिंगखाली जाऊन सोडलेला शॉट), समोर छातीला पॅड लावलेला एक जण. मग ड्रिबल करता करता डाव्या आणि उजव्या हाताने कोपऱ्यात पास, दहा-दहा. बहुतेक मुलांचा एक हात इथे पूर्ण रिकामा सापडतो, आणि समोरच्या कोचला तो दुसऱ्या क्वार्टरपर्यंत कळलेला असतो.

सेंटरची टेस्ट वेगळी. रिंगजवळ पाठ करून बॉल मिळाला तर एकास-एक दहा वेळांत किती बास्केट? एल्बोवर, म्हणजे फ्री थ्रो लाइनच्या टोकाला, बॉल मिळाल्यावर दोन सेकंदांत कट मारणाऱ्याला टप्पा पास देतो का? स्क्रीन लावताना, म्हणजे साथीदाराच्या डिफेंडरची वाट अंगाने अडवताना, पाय रोवून उभा राहतो की अंग पुढे टाकतो? आणि तिसरी लॅप पळून झाल्यावर हे सगळं कितपत उरतं?

पालकांना एक गोष्ट समजावून सांगायला हवी. ‘उंच आहे तर खाली उभा करा आणि बॉल द्या’ हे ऐकायला सोपं असलं तरी या वयोगटात पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पाठ करून उभ्या असलेल्या सेंटरला, बॉल पोचवणं हाच सर्वांत अवघड पास आहे. पास देणाऱ्याच्या अंगावर डिफेंडर असतो. सेंटरच्या पुढ्यात पाच फूट अकरा इंचाचा, पण पायात ताकद असलेला मुलगा उभा राहतो. वरून फेकलेला बॉल मागचा मदतनीस उडवतो. पास देणारा फ्री थ्रो लाइनच्या रेषेत, विंगवर खाली उतरलेला हवा. सेंटरने एका हाताने डिफेंडरला पाठीवर अडवून दुसरा, लांबचा हात दाखवलेला हवा. आणि पास त्या हाताकडे टप्पा घेऊन गेला पाहिजे. हे तीनही जमत नसताना दर वेळी पोस्टमध्ये बॉल घालायचा प्रयत्न केला तर टर्नओव्हर घटण्याऐवजी वाढतील. दहात सहा बास्केट करणारा सेंटर असेल तर हा त्रास घेण्यासारखा आहे. चार करणारा असेल तर त्याची उंची दुसऱ्या रस्त्याने वापरायची.

आता तुमच्या खेळात नेमकं काय होत असणार ते जवळून बघू. सेंटर टॉपला, म्हणजे रिंगसमोर आर्कच्या मधोमध, बॉल घेतो. त्याचा डिफेंडर पुढे येतच नाही. टाचा फ्री थ्रो लाइनला लावून, हात पसरून उभा राहतो. दोघांत जवळजवळ तीन मीटर मोकळे. विंगवरचा मुलगा शिकवल्याप्रमाणे कट मारतो आणि थेट त्या पसरलेल्या हातांत शिरतो. पासची वाट बंद. सेंटर बॉल डोक्यावर धरून इकडे तिकडे बघतो, पाच-सहा सेकंद जातात. बेंचवरून कोणीतरी ओरडतं ‘मार!’, आणि तो न जमणारा थ्री मारतो. रिबाउंडला आपलं कोणीही नाही, कारण आपला सर्वांत उंच मुलगा शूट करून तिथेच उभा आहे.

इथे डिफेंडरने मागे राहून एक मोठी गोष्ट तुम्हाला देऊन टाकली आहे. तो स्क्रीनवर मदत करायला जवळ नाही. म्हणून सेंटरने पासची वाट न बघता लगेच विंगकडे दोन ड्रिबल घ्यायचे आणि हातात बॉल द्यायचा, म्हणजे हँडऑफ. विंगवर वेगवान गार्ड. त्याने आधी एक पाऊल रिंगकडे टाकून आपल्या डिफेंडरला आत खेचायचं आणि मग वळून सेंटरच्या खांद्याला खांदा घासत बॉल घेऊन मधल्या बाजूला निघायचं. सेंटरचं अंग त्याच्या डिफेंडरला अडवतं, आणि सेंटरचा स्वतःचा डिफेंडर तीन मीटर मागे असल्यामुळे गार्ड बॉलसकट, वेगात, एकाच माणसासमोर पोचतो. सेंटर वळून रिंगकडे रोल करतो. एका डिफेंडरवर दोघे. तो गार्डवर आला तर बॉल सेंटरला, तो सेंटरला चिकटला तर गार्डचा ले-अप. दोन-तीनदा हे झालं की त्यांचा कोच सेंटरच्या माणसाला ‘वर जा’ म्हणून ओरडेल, आणि मग तुमच्या मूळ कटची वाट आपोआप उघडेल.

बारकावे चार. हँडऑफच्या क्षणी सेंटरचे दोन्ही पाय थांबलेले हवेत. सरकता सरकता धक्का लागला की ऑफेन्सिव्ह फाउल. बॉल कमरेजवळ, एक हात खाली एक वर, समोरच्याला नुसता उचलून घेता येईल असा. हात लांब करून दिला की डिफेंडर मधे बोट घालतो. गार्डने बॉल घेऊन साइडलाइनकडे पळायचं नाही, तिथे रेषाच दुसरा डिफेंडर होते. आणि विरुद्ध कोपऱ्यात तुमचा सर्वांत चांगला शूटर उभा हवा, कारण मदतीला येणारा तिसरा माणूस नेहमी तिथूनच येतो. तुम्ही बहुतेक त्याच शूटरला हँडऑफच्या बाजूला ठेवत असाल, कारण तिथे बॉल जास्त येतो. त्याला पलीकडे पाठवा.

हँडऑफ नको असेल तेव्हा सेंटरला आर्कवरून काढून रिंगच्या बाजूला, बेसलाइनजवळ, पेंटच्या जरा बाहेर उभा करा. पेंट ४.९ मीटर रुंद आहे, म्हणजे तो रिंगच्या मध्यापासून साधारण तीन मीटरवर येतो आणि तीन सेकंदांच्या नियमातही सापडत नाही. बाहेर चौघे, आत एक. गार्ड मधून आत शिरला तर सेंटर बेसलाइनने रिंगकडे सरकतो. गार्ड बेसलाइनने आला तर सेंटर वर, एल्बोकडे जातो, नाहीतर दोघांची टक्कर. दोन्ही हात छातीच्या वर, कारण पास येतो तेव्हा तो जवळून आणि जोरात येतो. त्याचा डिफेंडर मदतीला गेला तर सोपा बास्केट, नाही गेला तर गार्डचा शॉट, आणि चुकला तर रिबाउंडला उंच मुलगा बरोबर जागेवर. समोर २-३ झोन (डिफेंडर माणसाऐवजी जागा राखतात, दोन पुढे, तीन मागे) लागला तर त्यालाच फ्री थ्रो लाइनवर, झोनच्या पोटात आणा. तिथे बॉल मिळाला की आधी वळून रिंगकडे तोंड, मग कोपरा बघ, मग बेसलाइन. फाइव्ह-आउट खेळत झोनच्या बाहेर बॉल फिरवत राहणं म्हणजे झोनला विश्रांती देणं.

दुसऱ्या पद्धतींचा विचार मनात असेल तर थोडक्यात. व्हान्स वॉलबर्ग यांची ड्रिबल ड्राइव्ह दोन असे गार्ड मागते जे आपला माणूस एकट्याने हरवतात आणि दोन्ही हातांनी संपवतात. तुमच्याकडे गार्ड आहेत, कोपऱ्यातले शूटर नाहीत, म्हणून अर्धीच जुळेल. फ्लेक्स नावाच्या पद्धतीत ड्रिबल फारसा लागत नाही, बेसलाइनवरच्या स्क्रीन ठरलेल्या असतात, मुलं दोन-तीन आठवड्यांत शिकतात. पण डिफेन्सने माणसं अदलाबदल करायला सुरुवात केली की थंडावते. प्रिन्स्टन ही पीट कॅरिल यांची पद्धत, जिच्या जोरावर १९९६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असं हरवलं. ती संथ, हुशार पास देणाऱ्यांसाठी आहे आणि तिच्यातल्या खुणा अंगवळणी पडायला एक सीझन लागतो. साडेतीन आठवड्यांत तिचा विचारही नको.

पद्धत आणि माणसं यांचा संबंध किती नाजूक असतो याची दोन उदाहरणं एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये आहेत. गोल्डन स्टेटने २०१३-१४ मध्ये ५१ मॅच जिंकल्या. पुढच्या वर्षी कोच म्हणून स्टीव्ह कर आले. करी, थॉम्प्सन, ग्रीन, इगुओडाला, बोगट हा गाभा तोच. एकेकट्याने खेळण्याऐवजी बॉल आणि माणसं हलती ठेवली, ड्रेमंड ग्रीनच्या पासिंगला मधे जागा दिली. ६७ विजय आणि अजिंक्यपद. उलट बाजूला लेकर्स, २०१२-१३. नॅश आणि ड्वाइट हॉवर्ड नवे आले, कोबी आणि गॅसॉल होतेच. कोच माइक ब्राउन यांनी प्रिन्स्टन बसवायला घेतली, पाच मॅचमध्ये एक विजय, आणि त्यांना काढलं. मग आले माइक डँटोनी, ज्यांच्या फीनिक्सने नॅशच्या जोरावर २००४-०५ मध्ये ६२ मॅच जिंकल्या होत्या. वेगवान, मोकळ्या जागेची ती पद्धत दोन मोठ्या पोस्ट खेळाडूंवर बसली नाही. ४५ विजय, आणि पहिल्याच फेरीत सॅन अँटोनियोकडून ४-० पराभव. अर्थात नॅशचा पाय दुसऱ्याच मॅचमध्ये मोडला होता आणि एप्रिलमध्ये कोबी जायबंदी झाला. म्हणूनच नुसत्या निकालावरून पद्धतीला बोल लावू नये, असं मी वर म्हटलं.

वेळेचं गणित असं बसवा. आठवड्याला सहा सराव, दीड तासाचे धरले तर पहिले दोन सराव टेस्ट आणि कागदासाठी. नंतरच्या दोन आठवड्यांत दोनच सुरुवाती शिकवा: टॉपवरून हँडऑफ, आणि सेंटर बेसलाइनला ठेवून गार्डची ड्राइव्ह. सोबत बेसलाइनवरून बॉल आत घेण्याची एक खेळी. चौथं काही नको. डिफेन्स नसताना पाच जणांना फिरवणं पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण जे वाचायला शिकायचं आहे तो डिफेंडरच तिथे नसतो. खरी शिकवणी तीनास-तीनमध्ये होते: टॉप, विंग, विरुद्ध कोपरा, १२ सेकंदांचा क्लॉक. गुण वेगळे द्या. ‘अ’ शॉट मिळवला की एक गुण, पडो न पडो. ‘क’ शॉट पडला तरी शून्य. पहिले दोन दिवस मुलं भांडतील, ‘सर, बास्केट झाली ना!’ म्हणतील. तुम्ही ठाम राहा. तिसऱ्या दिवशी ती एकमेकांचे शॉट मोजायला लागतात, आणि मॅचमध्ये घाईचे थ्री तिथून कमी होतात.

दोन आठवड्यांनी पुन्हा ५० पझेशन. ‘अ’ आणि पेंट, हे दोन रकाने वर गेले तर आहे तेच पुढे न्या, जरी आपसातली मॅच कमी स्कोअरची झाली तरी. हलले नाहीत तर स्पर्धेपुरतं अजून सोपं करा, फक्त गार्डची ड्राइव्ह आणि सेंटर बेसलाइनवर. पद्धत बदलण्याचा विचार स्पर्धेनंतर.

बेंचचं शेवटी लिहितो, पण टेस्टच्या दिवशीच बघून ठेवा. सेंटरला पहिल्या हाफमध्येच तीन फाउल झाले तर त्याला बसवावं लागेल, आणि त्याच्या जागी येणारा मुलगा बहुधा बुटका असेल. त्याला सेंटरसारखं बेसलाइनला उभं करू नका. बारा जणांच्या टेस्टमध्ये बाहेरून ज्यांचे पन्नासात २० पडले अशी चार मुलं सापडली, तर त्या वेळेला तुमचं मूळ फाइव्ह-आउटच लावा. त्या पाच जणांवर ते बरोबर बसेल. दोन्ही पाचांसाठी वेगळी खूण ठरवा, एक बोट आणि मूठ एवढी सोपी, आणि आठवड्यातले निदान दोन सराव दुसऱ्या पाचांना पहिल्या पाचांच्या डिफेन्ससमोर खेळवा. असे पाच जण तुमच्या संघात कदाचित आत्ताच असतील. चार मॅचमध्ये ते किती मिनिटं एकत्र मैदानावर होते ते रेकॉर्डिंग असेल तर बघून मोजा.